यंत्र चालू आहे, पण आवाज पोचतोय का?

 

पावसाळा तोंडावर आला आहे. कौलं शाकारून झाली, लाकूडफाटा आत गेला, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून झाली. या तयारीतलीच, पण सहसा आपल्या यादीत नसणारी एक गोष्ट आज मी सांगणार आहे. फोन बंद पडले, वीज गेली, रस्ता झाडांनी अडवला, तर गावाचा निरोप बाहेर कसा जाईल? हे काम करणारी काही माणसं आपल्यात आहेत. त्यांना हॅम म्हणतात. ती आपले रेडिओ संच कसे तपासतात, बिघाड कसा शोधतात, हा आजचा विषय. संच तुमच्या घरात नसला तरी शेवटपर्यंत ऐका, कारण त्यातली बरीचशी शिस्त आपल्या गटाच्याही उपयोगाची आहे.

आधी हॅम म्हणजे कोण ते सांगते. आत्ता तुम्ही मला ऐकताय, पण तुम्हाला काही विचारायचं असेल तर माझ्यापर्यंत तुमचा आवाज येत नाही. आपला हा सामुदायिक रेडिओ एका बाजूने बोलतो. हॅमच्या संचातून बोलताही येतं आणि ऐकताही येतं. त्या संचाला ट्रान्सीव्हर म्हणतात. एकाच पेटीत पाठवणारं यंत्रही असतं आणि घेणारंही. मधे मोबाइलचा टॉवर लागत नाही, कंपनी लागत नाही, रिचार्ज लागत नाही. एक संच, एक बॅटरी, एक अँटेना, आणि पलीकडे तसाच संच असलेला माणूस, एवढं पुरतं.

हे काम हौसेचं असतं, त्यातून पैसे कमवायचे नसतात. पण वाटेल त्याने करावं असंही नाही. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते आणि परवाना घ्यावा लागतो. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही ही परीक्षा देता येते. परवाना मिळाला की त्या माणसाला स्वतःचं एक संकेतनाव मिळतं. आपल्या देशात ते बहुतेक व्हीयू टू किंवा व्हीयू थ्री या अक्षरांनी सुरू होतं. बोलताना ते सांगावंच लागतं, म्हणजे कोण बोलतंय हे ऐकणाऱ्याला कळतं. आपले माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक हॅम होते.

आता हे आपल्याला कशाला, असं कुणी विचारेल. रायगडच्या मैत्रिणींना 3 जून 2020 आठवत असेल. निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं. माड, सुपारी आडवे झाले, पत्रे उडाले, विजेचे खांब मोडले. त्यात टाळेबंदी चालू. आमच्या गटातल्या एका ताईंचे यजमान मुंबईत अडकलेले होते. इकडे घराचं छप्पर गेलेलं, पण दोन्ही मुलं, सासूबाई, सगळी सुखरूप. "आम्ही बरे आहोत," एवढे तीन शब्द मुंबईला पोचवायला चार दिवस लागले. चार दिवस तो माणूस तिकडे जेवला नाही. तीन शब्दांचाच निरोप होता, पण तो न्यायला वाट नव्हती.

अशा वेळी हॅम उपयोगी पडतात. 1993 साली किल्लारीला भूकंप झाला, 2001 साली भूजला झाला, तेव्हा हॅम मंडळी आपापले संच घेऊन मदतीला गेली होती. मला सगळ्यात आवडते ती अंदमानची गोष्ट. डिसेंबर 2004 मध्ये दिल्लीच्या भारती प्रसाद या हॅम बाई, हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या चमूबरोबर पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून हॅम रेडिओवर बोलायची परवानगी सहजी मिळत नसे, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांच्याशी बोलायला टपून बसलेले. 26 डिसेंबरला सकाळी भूकंप झाला आणि मागून त्सुनामी आली. फोन बंद पडले. भारतीताईंनी आणि त्यांच्या चमूने तेच संच मदतीच्या कामाला लावले. अंदमानातल्या माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांचा संच त्या दिवशी खोक्यातून काढलेला नव्हता. कितीतरी दिवस तो रोज वापरात होता. अँटेना लावलेली, तपासलेली होती. आपला आवाज किती लांब, किती स्पष्ट जातो हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून संकटाच्या दिवशी त्यांना संच शिकत बसावं लागलं नाही. कपाटात ठेवलेला, कधी न तपासलेला संच वेळेला चालेलच असं नाही, आणि तो बंद आहे हे आपल्याला नेमकं वादळाच्या रात्री कळतं.

मग हॅम मंडळी संच तपासतात कशी? मी हे आमच्या तालुक्यातल्या एका रंगीत तालमीत पाहिलं. आपत्ती आली असं धरून केलेला सराव होता. एक संच तहसील कार्यालयात, दुसरा समुद्रकाठच्या एका गावच्या शाळेत. शाळेतला संच एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या सूनबाई चालवत होत्या. दोघांकडेही परवाना. त्या वहिनींनी मला प्रत्येक गोष्ट हातात देऊन दाखवली. मी गटाची समन्वयक, माझी पदवी बीएची, विज्ञान दहावीपर्यंतचं. मला समजलं, म्हणजे तुम्हालाही समजेल.

झालं असं, की संच लावला, दिवा लागला, तहसीलचा आवाज आला. थोडी खरखर होती, पण शब्द कळत होते. गुरुजींनी बटण दाबून उत्तर दिलं. तिकडून मात्र पुन्हा पुन्हा तेच, "शाळा, शाळा, तुमचा आवाज येत नाही." आपल्याला ऐकू येतंय, पण आपण त्यांना ऐकू जात नाही. जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "संच गेला. दुकानात पाठवा."

गुरुजी म्हणाले, "पेटी सगळ्यात शेवटी उघडायची. आधी बाहेरचं बघू."

हा त्यांचा पहिला नियम. सोप्याकडून अवघडाकडे जायचं. मिक्सर चालेना तर आपण आधी प्लग बघतो, मग दुसरं काही लावून वीज आहे का बघतो. लगेच मोटर उघडत नाही. तसंच.

पहिली तपासणी बटणांची. वहिनी म्हणाल्या, "बंद पडलेले म्हणून आणलेले कितीतरी संच नुसतं बटण फिरवून चालू होतात." आवाजाचं बटण खाली असतं. लहर चुकीची लावलेली असते. स्क्वेल्च नावाचं एक बटण असतं. कुणी बोलत नसताना येणारी खरखर ते दाबून टाकतं. ते जास्त फिरलं तर खरखरीबरोबर लांबचा बारीक आवाजही दाबला जातो आणि आपल्याला वाटतं संच मेला. बटणांना कुलूप लागलेलं असतं. शक्ती कमीवर ठेवलेली असते. शाळेच्या संचात हे सगळं ठीक होतं.

दुसरी तपासणी विजेची. हे संच बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. इथे एक गंमत आहे. नुसतं ऐकताना संच फार थोडी वीज खातो. बोलायचं बटण दाबलं की एकदम दहा-बारा पट ओढतो. पन्नास वॅटचा संच बोलताना दहा-बारा अँपिअर घेतो. आपल्याकडे पिठाची गिरणी चालू झाली की घरातला दिवा मंदावतो ना, तसं बटण दाबल्यावर व्होल्टेज पडतं. म्हणून बॅटरी नुसती ठेवलेली असताना मोजून उपयोग नाही. बोलताना मोजायची.

वहिनींनी मल्टिमीटर लावला. विजेची कामं करणाऱ्यांकडे असतो तोच. संच नुसता चालू असताना बॅटरीवर साडेबाराच्या वर. बटण दाबल्यावर बारा. मग त्यांनी तेच माप संचाच्या टोकाला घेतलं. का? तर बॅटरी चांगली असली तरी मधली वायर बारीक असेल, सांधा सैल असेल, तर वीज वाटेतच खाल्ली जाते. बॅटरीकडे बारा आणि संचाकडे साडेदहा आलं, तर दोष वायरीचा. इथे दोन्हीकडे जवळजवळ सारखंच आलं. म्हणजे वीज ठीक.

फ्यूजबद्दल वहिनींनी बजावून सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. फ्यूज उडाला तर त्याच मापाचा दुसरा घालायचा. तोही उडाला तर आत कुठे तरी वायर वायरीला टेकते आहे असं समजायचं आणि थांबायचं. आपल्याकडे फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळायची सवय आहे. ती तार उडत नाही, मग तिच्याऐवजी संच जळतो, कधी घरही.

तिसरी तपासणी मला सगळ्यात आवडली. त्यांनी अँटेनाची केबल काढली आणि तिच्या जागी मुठीएवढा एक डबा लावला. त्याला डमी लोड म्हणतात, खोटी अँटेना म्हणा. संचाला वाटतं आपल्याला अँटेना जोडली आहे, पण त्याची सगळी शक्ती त्या डब्यात उष्णता होऊन जिरते. हवेत काही जात नाही, त्यामुळे तपासताना दुसऱ्या कुणाच्या बोलण्यात अडथळा येत नाही. मधे एक मीटर लावला आणि बटण दाबलं. काटा पंचेचाळीस वॅटवर गेला.

गुरुजी म्हणाले, "संच निर्दोष सुटला."

बघा, पेटी न उघडता कळलं की पेटीत काही बिघाड नाही. संच दुकानात पाठवला असता तर आठवडा गेला असता, आणि परत आल्यावरही आवाज पोचला नसताच.

चौथी तपासणी केबल आणि अँटेनाची. पुन्हा खरी अँटेना लावली आणि त्याच मीटरवर एसडब्ल्यूआर नावाचं माप घेतलं. हे माप समजायला आपली सुपारीची वाडी आठवा. पाटाने पाणी सोडलं आणि पाट मोकळा असला तर सगळं पाणी झाडापर्यंत जातं. मधे दगड पडला तर काही पाणी उलटं फिरतं. तसं संचातून निघालेली शक्ती अँटेनापर्यंत सगळी गेली तर हे माप एक येतं. दीडपर्यंत आलं तरी छान, शंभरातले चारच परत फिरतात. दोन आलं तर अकराच्या आसपास. तीन आलं तर शंभरातले पंचवीस परत फिरतात. परत फिरलेली शक्ती संचाला तापवते, म्हणून आजकालचे बरेच संच अशा वेळी स्वतःला वाचवण्यासाठी आपणच आवाजाची शक्ती कमी करतात. शाळेत माप आलं साडेतीन.

म्हणजे दोष बाहेर. पण केबलमध्ये की अँटेनामध्ये? इथे अंदाज बांधत न बसता गुरुजींनी छपरावरचा पाइप मुलांकडून आडवा करवून घेतला. केबलच्या वरच्या टोकाची अँटेना काढली आणि तिथे तो खोट्या अँटेनाचा डबा लावला. आता अँटेनाचा संबंधच नाही. तरी माप तीनच्या वर. याचा अर्थ दोष केबलचा. दर वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तिच्या जागी खात्रीची वस्तू लावायची. एकदम तीन गोष्टी बदलल्या आणि संच चालू झाला, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

केबलच्या वरच्या टोकाची पिन उघडली तर आत हिरवा गंज. खारा वारा आणि पावसाचं पाणी आत शिरून तांबं खाल्लेलं. वहिनींनी चांगलं तांबं लागेपर्यंत वीतभर केबल कापून टाकली, नवी पिन डाख देऊन बसवली. मग मल्टिमीटरने बघितलं. मधली तार आणि बाहेरची जाळी एकमेकींना कुठे टेकत नाहीत ना? नाही. दुसऱ्या टोकाला दोन्ही मुद्दाम जोडल्या, तर आरपार जोड दाखवतोय ना? हो. मग पिनेवर पाणी शिरू नये म्हणून रबरी पट्टी घट्ट गुंडाळली. पाइप उभा केला. माप आलं एक पूर्णांक तीन.

सगळ्याला पाऊण तास लागला. कापलेली केबल, एक पिन आणि थोडी पट्टी, एवढाच खर्च.

पण मैत्रिणींनो, काम अजून संपलं नव्हतं. मीटर ठीक, बॅटरी ठीक, सगळं ठीक. तरी आपला आवाज पलीकडे कसा जातोय हे आपल्याला इकडे बसून कळत नाही. ते पलीकडच्यानेच सांगावं लागतं. हॅम लोकांनी त्यासाठी गुण ठरवले आहेत. शब्द किती कळतात त्याला एक ते पाच, आवाज किती जोरात येतो त्याला एक ते नऊ. "पाच-नऊ" म्हणजे उत्तम. "तीन-चार" म्हणजे कष्टाने कळतंय.

वहिनी हसून म्हणाल्या, "स्पर्धा असली की सगळे सगळ्यांना पाच-नऊच देतात. ते नमस्कारासारखं असतं. तपासणीत मात्र खोटं गोड नको." आणि खरंच, तहसीलवरून उत्तर आलं, "आवाज जोरदार आहे, पण शब्द फाटतात. चार-नऊ." वहिनींनी माइक तोंडापासून चार बोटं लांब धरला, ओरडणं कमी केलं, सावकाश बोलल्या. मग पाच-नऊ मिळाले. पलीकडच्याने शिष्टाचार म्हणून "छान, छान" म्हटलं असतं, तर फाटका आवाज तसाच राहिला असता.

आपल्या गटातही हे होतं की नाही? बैठकीत अध्यक्षताई नियम सांगतात, आपण माना डोलावतो, आणि उठल्यावर एकमेकींना विचारतो, "काय म्हणाल्या गं?" सांगणारीला वाटतं पोचलं. ऐकणारीने "ताई, हे नाही कळलं," असं म्हणणं म्हणजे तिला मदत करणं आहे.

त्या तालमीत आणखी एक तपासणी झाली, ती निरोपाची. शाळेतून निरोप गेला, "मंदिरात सात माणसं आहेत, पाणी हवं." तहसीलला लिहिलं गेलं, साठ माणसं. सात आणि साठ, कानाला किती जवळचे! तालीम होती म्हणून हसण्यावारी गेलं. खऱ्या पुरात सातांसाठी साठांची होडी जाते आणि दुसऱ्या वाडीवरची माणसं तिष्ठत राहतात. म्हणून हॅम लोक आकडा सुटा सुटा सांगतात. साठ असेल तर "सहा, शून्य". सात असेल तर "शून्य, सात". निरोप आधी कागदावर लिहितात, कुणाकडून, कुणाला, किती वाजता, काय. मग वाचतात. पलीकडचा तो परत वाचून दाखवतो. बरोबर असेल तरच "मिळाला" म्हणायचं. नावाचीही तीच गत. इंग्रजी अक्षर सांगताना बी आणि डी सारखं ऐकू येतं, म्हणून बी म्हणजे ब्राव्हो, डी म्हणजे डेल्टा, असे जगभर ठरलेले शब्द आहेत.

आणि हे सगळं वहीत लिहायचं. वहिनींची वही मी पाहिली. तारीख, वेळ, बॅटरीचं माप, एसडब्ल्यूआरचं माप, कुणाशी बोलणं झालं, त्याने किती गुण दिले. एका महिन्याला एक पूर्णांक दोन, पुढच्याला एक पूर्णांक चार, त्यापुढच्याला एक पूर्णांक आठ असं दिसलं, की संच चालत असतानाच कळतं, वर कुठे तरी पाणी शिरतंय. आपण कर्जाच्या वहीत एखाद्या ताईचा हप्ता दोनदा उशिरा आलेला बघतो आणि तिच्या घरी जाऊन विचारपूस करतो, तसंच हे.

ज्यांच्या घरी मुलं-मुली हे शिकतील त्यांच्यासाठी थोड्या सावधगिरीच्या गोष्टी. अँटेना किंवा डमी लोड जोडल्याशिवाय बोलायचं बटण कधी दाबायचं नाही, आतला महत्त्वाचा भाग जळू शकतो. कुणी बोलत असताना अँटेनाला हात लावायचा नाही, चटका बसतो. अँटेनाचा पाइप विजेच्या तारांपासून इतका लांब हवा, की तो आडवा पडला तरी तारेला लागणार नाही. यात तडजोड नाही, यात माणसं दगावली आहेत. वीज कडकडायला लागली की अँटेनाची केबल संचापासून काढून ठेवायची. आणि बोलण्याआधी थोडा वेळ ऐकायचं. त्या लहरीवर आधीच कुणी बोलत असेल, कदाचित अडचणीत असेल.

अँटेना बनवणं मात्र आपल्याला जमण्यासारखं आहे. लांबच्या बोलण्यासाठी सात मेगाहर्ट्झची लहर वापरतात. तिची साधी अँटेना म्हणजे सुमारे वीस मीटर तार, मधोमध तोडलेली, दहा-दहा मीटरच्या दोन बाजू, दोन झाडांमध्ये कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणलेली. जवळच्या बोलण्यासाठी आपल्या देशात 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या लहरी आहेत. तिथे एकोणपन्नास-पन्नास सेंटिमीटरची उभी काडी, म्हणजे हाताएवढी, पुरते. तार कापताना वहिनींचा नियम आपल्या शिवणाच्या ताईंना लगेच कळेल. कापड बेतताना ठेवतो तसं थोडं जास्तच ठेवायचं. मग माप घेत घेत दोन-दोन बोटं कमी करायची. जास्त असेल ते कापता येतं, कमी पडलं तर वाढत नाही.

आता आपण काय करायचं? प्रत्येक गटाने संच विकत घ्यावा असं मी म्हणत नाही. ऑनलाइन स्वस्तात हॅमचे हातातले संच मिळतात म्हणून कुणी मागवू नका. परवाना नसताना ते वापरणं गुन्हा आहे. पण चार कामं आपण करू शकतो.

एक, आपल्या तालुक्यात परवानाधारक हॅम कोण आहे ते शोधा. तहसील कार्यालयात किंवा जवळच्या महाविद्यालयात चौकशी करा. सापडले तर त्यांना ग्रामसंघाच्या बैठकीला बोलवा आणि संच समोर लावून दाखवायला सांगा.

दोन, गावातल्या आठवी-नववीच्या पुढच्या मुलींपैकी जिला सायकल, रेडिओ, मिक्सर उघडून बघायची हौस आहे, तिला ही परीक्षा द्यायला सांगा. हे मुलांचं काम म्हणून बाजूला ठेवू नका. अंदमानात संचावर कोण होतं ते तुम्ही आत्ताच ऐकलंत.

तीन, निरोपाचा कागद आत्ताच तयार ठेवा. प्रत्येक वाडीवरची घरं किती, माणसं किती, आजारी, गरोदर, अंथरुणावरची माणसं किती, कुणाला रोजचं औषध लागतं. आकडे अक्षरातही आणि अंकातही लिहा. संच दुसऱ्याचा असला तरी निरोप आपलाच असतो, आणि तो नेमका असला तर अर्ध्या मिनिटात जातो.

चार, सरावाच्या दिवशी हजर राहा. सरपंच, तलाठी, पोलीस पाटील जातातच. गटाच्या दोन जणी तरी तिथे हव्यात. आपल्या वाडीचा निरोप त्या संचावरून स्वतः लिहून द्या आणि पलीकडे काय लिहिलं गेलं ते परत वाचून घ्या. सातचे सात राहिले का, ते बघा.

आणि आज घरी गेल्यावर एक छोटं काम. तुमच्या घरातला टॉर्च, चार्जिंगचा दिवा, गटाच्या कार्यालयातला इन्व्हर्टर, यातलं जे काही "वेळेला असू दे" म्हणून ठेवलंय, ते आज चालू करून बघा. इन्व्हर्टर नुसता दिवा लागतो एवढंच न बघता पंखा लावून अर्धा तास चालवून बघा. भाराखाली टिकतो का ते कळेल. काय आढळलं ते गटाच्या वहीत तारीख घालून लिहा. पुढच्या महिन्याच्या बैठकीत पुन्हा बघा.

आणि माझा आजचा आवाज तुमच्यापर्यंत कसा पोचला, शब्द कळले का, कुठे फार भरभर बोलले, तेही गटाच्या बैठकीतून कळवा. गोड नको, खरं कळवा.

पावसाळ्यात जपून राहा, एकमेकींची चौकशी करत राहा. नमस्कार.